हिवाळी सूट आणि कापडात कोंडलेली हवा

अंगावरचे कपडे शरीराची ऊब किती राखतात हे आकड्यात मांडता यावे, यासाठी १९४१ मध्ये ए. पी. गॅगी, ए. सी. बर्टन आणि एच. सी. बॅझेट या संशोधकांनी ‘क्लो’ नावाचे एकक सुचवले. सुमारे २१ अंश सेल्सिअस तापमानाच्या आणि हवा जवळजवळ स्थिर असलेल्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला ना थंडी वाजावी ना उकडावे, यासाठी जेवढे उष्णतारोधन लागते ते एक क्लो, अशी त्याची व्याख्या होती. आणि त्या काळी पुरुष नेहमी वापरत तो लोकरी सूट, आतल्या कपड्यांसह, साधारण तेवढेच उष्णतारोधन देत असे. सुटाची मर्यादा या व्याख्येतच सांगितलेली आहे. सूट हा मुळात खोलीत वावरणाऱ्या माणसाचा पोशाख असून, शून्याच्या आसपासच्या तापमानात रस्त्यावर उभे राहण्यासाठी तो एकटा कधीच पुरेसा नव्हता. बाहेरची थंडी अडवण्याचे काम ओव्हरकोटाचे आणि आतली ऊब सावरण्याचे काम सुटाचे, ही जुनी वाटणी विसरली गेली की ग्राहक एकाच कपड्याकडून दोन्ही अपेक्षा करू लागतो, आणि मग एक तर कचेरीत घामाघूम होतो किंवा बसथांब्यावर कुडकुडतो.

कापडाची ऊब येते कोठून, हे कळल्याशिवाय दुकानातल्या ठाणांपुढे उभे राहून निवड करणे कठीण आहे. स्थिर हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक असून, तिच्या तुलनेत लोकरीचा तंतू सुमारे सातपट आणि पाणी तर वीसपटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणजे उबदारपणाचे श्रेय तंतूंपेक्षा त्यांच्यामध्ये अडकून पडलेल्या हवेकडे जाते, आणि ही हवा कोंडून धरण्याचे कसब लोकरीइतके दुसऱ्या कोणत्याही परिचित तंतूत नाही. मेंढीच्या लोकरीचा प्रत्येक तंतू जन्मतः नागमोडी असतो. त्यामुळे सूत कातताना तंतू एकमेकांना पूर्ण चिकटत नाहीत, त्यांच्यामध्ये असंख्य बारीक पोकळ्या राहतात, आणि कापड दाबले, चुरगळले तरी तंतू पुन्हा उसळून त्या पोकळ्या मोकळ्या करतात. कापसाचा तंतू एकदा दबला की चपटाच राहतो, आणि म्हणूनच कॉर्डरॉयसारखे जाड सुती कापड कोरड्या थंडीत चालते, पण वजनाच्या मानाने ऊब देण्यात लोकरीच्या मागे पडते.

ओलाव्याशी लोकर ज्या रीतीने वागते ती अधिक विलक्षण आहे. आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे तीस टक्क्यांपर्यंत बाष्प ती तंतूच्या आत शोषून घेते आणि तरीही हाताला ओली लागत नाही, कारण तंतूच्या बाहेरच्या खवल्यांवर नैसर्गिक मेणचट थर असतो. तो पाण्याचे थेंब परतवतो, बाष्प मात्र आत जाऊ देतो. बाष्प शोषताना तंतूतून थोडी उष्णताही बाहेर पडते. त्यामुळे कोरड्या, तापवलेल्या खोलीतून एखादा माणूस दमट थंडीत बाहेर पडला की त्याच्या अंगावरचा लोकरी कोट काही काळ स्वतःच किंचित ऊब निर्माण करतो. पॉलिएस्टरला यातले काहीच जमत नाही. नेहमीच्या हवामानात ते अर्धा टक्कासुद्धा ओलावा धरत नाही, घाम त्वचेलगतच राहतो, आणि थांबल्यावर तोच घाम अंगाला गार लागतो. थंडीतही माणसाला घाम येतो, विशेषतः गरम केलेल्या आगगाडीतून थंड फलाटावर आणि तिथून पुन्हा तापलेल्या कचेरीत अशी ये-जा करताना, ही गोष्ट उन्हाळी देशातील ग्राहकाच्या सहसा लक्षात येत नाही.

तंतू तोच, पण सूत कसे कातले यावर कापडाचा सारा स्वभाव ठरतो. लांब तंतू निवडून, विंचरून, एकमेकांना समांतर करून आणि मग घट्ट पीळ देऊन जे सूत तयार होते त्याला वर्स्टेड म्हणतात. इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातील वर्स्टेड या गावावरून हे नाव पडले. वर्स्टेड कापड गुळगुळीत, किंचित चमकदार आणि सरळ पडणारे असते, त्याची इस्त्री टिकते, आणि कचेरीत घालायचे बहुसंख्य सूट त्याचेच असतात. याउलट, आखूड आणि लांब तंतू एकत्र पिंजून, त्यांना तसेच अस्ताव्यस्त ठेवून सैल पिळाने कातलेल्या सुताला वूलन म्हणतात. त्यात पोकळ्या अधिक राहतात, म्हणून त्याच वजनाच्या वर्स्टेडपेक्षा ते अधिक उबदार असते, पण फुगीर, खरबरीत आणि आकार लवकर सोडणारेही असते. हिवाळी सुटाची निवड म्हणजे बव्हंशी या दोन टोकांच्या मधली योग्य जागा शोधणे होय, आणि ती जागा बहुतेकांसाठी फ्लॅनेल या कापडापाशी येऊन थांबते.

फ्लॅनेलची घडण समजून घेण्यासारखी आहे. विणून झालेले लोकरी कापड कोमट, साबणाच्या पाण्यात बराच वेळ मळले, घोळले, दाबले की तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात, कापड आटते, दाट होते आणि विणीच्या रेषा पुसट होतात. या क्रियेला गिरणीच्या भाषेत मिलिंग म्हणतात. त्यानंतर पृष्ठभाग हलकेच खरवडून त्यावर बारीक लव उठवली जाते. या लवेत आणि दाट झालेल्या विणीत हवा अडकते, वारा सहज आरपार जात नाही, आणि कापडाला हाताखाली जाणवणारा मऊ, मंद, धुरकट पोत येतो. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात वेलिंग्टन येथे १७७२ पासून चालत आलेली फॉक्स ब्रदर्सची गिरणी या कापडासाठी प्रसिद्ध आहे. फ्लॅनेल दोन्ही प्रकारच्या सुतांचे होते: वूलन फ्लॅनेल अधिक फुगीर आणि ऊबदार, तर वर्स्टेड फ्लॅनेल अधिक नेटके आणि टिकाऊ. ज्याला रोज आठ-नऊ तास खुर्चीत बसायचे आहे त्याने दुसरे घ्यावे, कारण वूलन फ्लॅनेलची पँट गुडघ्यांवर फुगते आणि बैठकीच्या जागी लवकर झिजते. राखाडी फ्लॅनेलचा सूट विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकी नोकरदाराचा इतका ठरीव पोशाख झाला होता की १९५५ मध्ये स्लोन विल्सन यांनी आपल्या कादंबरीला ‘द मॅन इन द ग्रे फ्लॅनेल सूट’ असेच नाव दिले. त्या नावात उपरोध होता. कापडाचा त्यात काही दोष नव्हता.

ट्वीड हे त्याहून रांगडे कापड आहे. स्कॉटलंड आणि आयर्लंडमधील थंड, ओल्या, वाऱ्याच्या माळरानांवर वावरणाऱ्या माणसांसाठी घडलेले हे वूलन कापड जाडसर लोकरीचे असते, आणि त्याचा रंग जवळून पाहिला की एकाच धाग्यात मिसळलेल्या अनेक रंगछटांचा बनलेला दिसतो, कारण लोकर कातण्याआधीच रंगवून मग एकत्र पिंजलेली असते. त्यातील सर्वांत प्रसिद्ध असलेल्या हॅरिस ट्वीडला तर कायद्याचेच संरक्षण आहे: ब्रिटनच्या १९९३ च्या हॅरिस ट्वीड कायद्यानुसार आउटर हेब्रिडीज बेटांवर रंगवलेल्या व कातलेल्या शुद्ध नव्या लोकरीचे, तेथील रहिवाशांनी स्वतःच्या घरी हातमागावर विणलेले आणि त्याच बेटांवर अंतिम संस्कार केलेले कापडच त्या नावाने विकता येते. महाराष्ट्रात दख्खनी मेंढीच्या भरड लोकरीची, सणगरांनी विणलेली आणि चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी धनगराला माळावर ज्या कारणाने थंडीवाऱ्यात पुरून उरते, त्याच कारणाने ट्वीड स्कॉटिश मेंढपाळाला पुरते. दोन्हींत मऊपणाला फाटा देऊन टिकाऊपणा आणि वाऱ्यापासूनचा बचाव साधलेला असतो. मात्र पूर्ण ट्वीडचा सूट आज शहरी कचेरीत काहीसा नाटकी वाटतो, आणि तापवलेल्या खोलीत तो सोसवतही नाही. ट्वीडचा सुटा कोट आणि खाली फ्लॅनेलची पँट हा पर्याय अधिक समंजस आहे.

कापडाचे वजन हा यापुढचा आणि कदाचित सर्वांत उपयोगी निकष आहे. ब्रिटिश प्रथेत सुमारे दीडशे सेंटिमीटर पन्ह्याच्या एका वाराचे वजन औंसांत सांगतात, तर युरोपात आणि भारतात ते मीटरमागे ग्रॅममध्ये सांगितले जाते. वारामागे एक औंस म्हणजे मीटरमागे साधारण ३१ ग्रॅम. सात-आठ औंसांचे, म्हणजे सव्वादोनशे ते अडीचशे ग्रॅमचे कापड उन्हाळी. नऊ ते अकरा औंसांचे, म्हणजे २८० ते ३४० ग्रॅमचे कापड वर्षातला बराच काळ चालणारे. बारा ते चौदा औंसांचे, म्हणजे ३७० ते ४३० ग्रॅमचे कापड खरे हिवाळी. आणि सोळा औंसांच्या वरचे आजच्या दृष्टीने भारी. येथे एक सावधगिरी हवी. काही दुकानदार चौरस मीटरचे वजन सांगतात आणि काही लांबीच्या मीटरचे. दीड मीटर पन्ह्यामुळे चौरस मीटरमागे अडीचशे ग्रॅमचे कापड लांबीच्या मीटरमागे पावणेचारशे ग्रॅम भरते, तेव्हा कोणते माप सांगितले जात आहे हे विचारल्यावाचून तुलना करू नये.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सोळा ते वीस औंसांचे सूट ब्रिटनमध्ये सर्रास शिवले जात. घरे आणि कचेऱ्या शेकोटीवर तापत, शेकोटीपासून चार पावले दूर गेले की गारठा सुरू होई, आणि म्हणून खोलीची ऊब कपड्यात घेऊन हिंडणे भाग होते. वेस्टकोट, म्हणजे कोटाच्या आतले बिनबाह्यांचे जाकीट, याच व्यवस्थेचा भाग होता. दुसऱ्या चार्ल्स राजाने ऑक्टोबर १६६६ मध्ये हा कपडा इंग्लिश दरबारात आणला तेव्हा हेतू फ्रेंच फॅशनला उत्तर देण्याचा होता, पण पुढे तो टिकला त्यात त्याच्या ऊबदारपणाचा वाटा मोठा होता. महाराष्ट्राला थ्री-पीस सुटाची सर्वांत घनिष्ठ ओळख झाली ती १९१३ मध्ये न्यूयॉर्कला आणि त्यानंतर लंडनला शिकायला गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या छायाचित्रांतून. त्या काळातील लंडनच्या कोळशाच्या शेगडीवर तापणाऱ्या खोल्यांत वेस्टकोट ही मिजास नसून निकड होती. मध्यवर्ती तापनयंत्रणा घरोघरी पोहोचली तसे कापड हलके होत गेले, आणि जड कापडाबरोबर त्याची सरळ, देखणी पडणही बाजारातून मागे हटली. आजही अनुभवी शिंपी जड कापडाला पसंती देतात, कारण ते कात्रीला, सुईला आणि इस्त्रीला नीट वळते, चुण्या धरत नाही, आणि शिलाईतल्या लहानसहान उणिवा झाकून नेते.

बाजारात मात्र ग्राहकाचे लक्ष वजनाकडे न जाता ‘सुपर’ या शब्दापुढच्या आकड्याकडे जाते. सुपर १००, सुपर १२०, सुपर १५० हे आकडे तंतूच्या बारीकपणाचे निदर्शक आहेत. त्यांचे मूळ ब्रॅडफर्ड येथील जुन्या मोजणीत आहे, जिच्यात एक पौंड लोकरीतून ५६० वारांच्या किती लडी कातता येतील हे पाहिले जाई. आज आंतरराष्ट्रीय लोकर संघटनेच्या नियमानुसार सुपर १०० कापडातील तंतूंचा सरासरी व्यास १८.७५ मायक्रॉनपेक्षा आणि सुपर १५० कापडातील १६.२५ मायक्रॉनपेक्षा जास्त असता कामा नये. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या आकड्यावरून ऊब किती मिळेल हे कळत नाही, कापड किती वर्षे टिकेल हे कळत नाही, वजनही कळत नाही. उलट, फार बारीक तंतूंचे कापड नाजूक असते, लवकर झिजते, चुरगळते आणि बहुधा हलक्या वजनातच विणले जाते. हिवाळ्यासाठी सुपर १०० किंवा त्याहून खालच्या आकड्याचे, पण तेरा औंसांचे फ्लॅनेल हे सुपर १५० च्या आठ औंसी कापडापेक्षा दरात पुष्कळदा कमी आणि गुणांत निश्चितच सरस ठरते. आकडा मोठा तर माल चांगला ही समजूत इतकी फोफावली आहे की ती विक्रेत्यांनी पसरवली की ग्राहकांनीच मागून घेतली, हे सांगणे अवघड आहे.

मिश्रणांविषयी थोडक्यात सांगता येईल. पॉलिएस्टर आणि लोकर यांच्या मिश्रणाला भारतीय बाजारात टेरीवूल म्हणतात. ते स्वस्त असते, चुण्या कमी धरते, आणि ठाण्यात १९२५ मध्ये सुरू झालेल्या व १९४४ पासून सिंघानिया कुटुंबाकडे आलेल्या रेमंडसारख्या गिरण्यांमुळे सूटिंग हा शब्द ज्या मध्यमवर्गीय घरांत पोहोचला, त्या घरांतील कित्येक सूट याच कापडाचे होते. वर्षातून चारदा घालायच्या सुटाला ते चालते. रोज थंडीत वावरायचे असेल तर लोकरीचे प्रमाण जितके जास्त तितके बरे, आणि पॉलिएस्टर व व्हिस्कोसच्या, लोकरीचा अंशही नसलेल्या कापडाला तर हिवाळी म्हणूच नये, मग ते हाताला कितीही जाड लागो. दुसऱ्या टोकाला कॅशमीअर आहे. ही लोकर मेंढीची नसून शेळीच्या अंगावरच्या आतल्या मऊ लवेची असते, आणि लडाखच्या चांगथांग पठारावरील शेळ्यांची पश्मिना हा तिचाच अतिशय बारीक प्रकार आहे. शालीला ती शोभते, सुटाला मात्र शुद्ध स्वरूपात ती फार नाजूक पडते. लोकरीत पाच-दहा टक्के मिसळली तर स्पर्श सुधारतो, पण पँटेची बैठक आणि मांड्या तेवढ्याच लवकर विरळ होतात.

एवढे कळल्यावर प्रश्न उरतो तो सूट कोठे घालायचा आहे याचा, आणि त्याचे उत्तर पुष्कळदा अनपेक्षित असते. लंडनमध्ये जानेवारीत पारा साधारण दोन ते आठ अंशांत असतो, दिल्लीत किमान तापमान सातच्या आसपास आणि कमाल वीसच्या आसपास असते. या आकड्यांवरून लंडनला अधिक जड सूट लागेल असे वाटते. प्रत्यक्षात लंडनची कचेरी वीस-बावीस अंशांवर तापवलेली असते, तर दिल्लीतील बहुतेक घरांत आणि पुष्कळशा सरकारी खोल्यांत तापनयंत्रणा नसते, आणि दाट धुके पडले की दिवसभर उन्हाचा पत्ता नसल्याने भिंतीसुद्धा गार पडतात. शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रजी खोलीचे आज सर्वांत जवळचे साम्य असेल तर ते आजच्या लंडनपेक्षा उत्तर भारतातल्या जानेवारीतील खोलीशी. म्हणून तेरा-चौदा औंसांच्या फ्लॅनेलचा, वेस्टकोटासह शिवलेला सूट दिल्ली, चंदीगड किंवा देहरादून येथे मनापासून वापरता येतो. उत्तरेत ही परंपरा नवी नाही. कानपूरच्या लाल इमली गिरणीने १८७६ पासून आणि पंजाबातील धारीवालच्या गिरणीने त्यानंतर चार वर्षांनी याच हवामानाला पुरेल असे लोकरी कापड विणायला सुरुवात केली होती. नोकरीसाठी लंडन, न्यू जर्सी किंवा टोरांटोला निघालेल्या मराठी तरुणाने मात्र भीतीपोटी सर्वांत जाड सूट शिवून नेऊ नये. अकरा-बारा औंसांचा सूट आणि त्यावर चांगला ओव्हरकोट ही जोडी त्याला अधिक कामाची.

पुण्यात जानेवारीची पहाट दहा-अकरा अंशांवर उतरते आणि दुपार तीस अंशांपर्यंत चढते, मुंबईत तर पहाटही सौम्य असते. तेव्हा महाराष्ट्रातल्या डिसेंबरच्या लग्नसराईसाठी नऊ-दहा औंसांचे, अर्धेच अस्तर लावलेले वर्स्टेड पुष्कळ झाले, आणि संध्याकाळच्या लॉनवरच्या स्वागतसमारंभात गारवा जाणवलाच तर वेस्टकोट हाताशी असावा. नाशिक-निफाडकडची किंवा विदर्भातली कडाक्याची रात्र याला अपवाद म्हणता येईल, पण तो अपवाद फार तर दोन-चार आठवड्यांचा.

शिवणीच्या बाबतीत थंडीचा पहिला शत्रू म्हणजे छातीवरचा इंग्रजी व्ही अक्षरासारखा उघडा त्रिकोण. कोटाचे लॅपेल, म्हणजे छातीवर मागे दुमडलेल्या पट्ट्या, हा मुळात गळ्यापर्यंत बटणे लावता येणाऱ्या अंगरख्याचा मोकळा सोडलेला भाग आहे. डाव्या लॅपेलवर आज केवळ फुलासाठी उरलेले काज त्या जुन्या गळाबंद रूपाची खूण सांगते, आणि काही ट्वीडच्या कोटांत कॉलरखाली दडलेली पट्टी ओढून गळा अजूनही बंद करता येतो. हा त्रिकोण लहान करण्याचे दोन उपाय आहेत: वेस्टकोट, किंवा दोन्ही पाळी एकमेकांवर चढवणारा डबल ब्रेस्ट कोट, ज्यात पोटावर आणि छातीच्या खालच्या भागावर कापडाचे दोन थर येतात. तिसरा उपाय भारतीय आहे. राजस्थानी दरबारी पोशाखातून घडलेला बंदगळा कोट गळ्यापर्यंत बंद होतो, टायची गरज ठेवत नाही, आणि दिल्लीत प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाला बसलेल्या मंडळींत तो इतका का दिसतो याचे कारण राजकीय प्रतीकांइतकेच सव्वीस जानेवारीच्या सकाळच्या गारठ्यातही आहे. थंड हवेचा विचार केला तर लॅपेलच्या सुटापेक्षा तो सरसच ठरतो. कोटाच्या मागच्या बाजूच्या चिरांमधूनही वारा आत शिरतो, म्हणून केवळ हिवाळ्यासाठी शिवलेला कोट बिनचिरेचा असला तरी हरकत नाही; मात्र बसताना तो चुरगळतो, आणि पँटेच्या खिशात हात घालणाऱ्यांना तो आवडत नाही.

माप देताना अंगावर हिवाळ्यात घालायचा शर्ट आणि वेस्टकोट असावा. गेल्या काही वर्षांतली अंगाला घट्ट बसणारी शिवण थंडीत दोनदा नडते: आत एक पातळ स्वेटर घालायलाही जागा उरत नाही, आणि कापड अंगावर ताणले गेले की जी हवा ऊब धरणार तीच पिळून निघते. छातीवर मुठीएवढी ढील, बाहीला शर्टाची कड जेमतेम दिसेल एवढी लांबी, आणि पँट बुटांवर किंचित टेकणारी, एवढे पुरे. पँटेच्या आत गुडघ्यापर्यंत अस्तर लावून घेतले तर लोकर टोचत नाही आणि गुडघे कमी फुगतात. कोटाच्या अस्तराला पॉलिएस्टर टाळावे, कारण कोरड्या थंड हवेत त्यात स्थिर वीज साचते, कापड अंगाला चिकटते आणि काढताना चटके बसतात. कापसाच्या आखूड तंतूंपासून बनणारे क्युप्रो किंवा निदान व्हिस्कोस बरे. छातीचा आकार राखण्यासाठी आत जे कॅनव्हास घालतात ते घोड्याच्या केसांचे आणि टाक्यांनी जोडलेले असले तर जड कापडाबरोबर ते वर्षानुवर्षे वळते. डिंकासारख्या पदार्थाने चिकटवलेले असले तर वारंवार ड्रायक्लीन केल्यावर छातीवर बुडबुडे उठण्याची भीती असते.

ओव्हरकोटाला वेगळा लेख लागेल, तरी त्याची काही पथ्ये सुटाशी बांधलेली आहेत. तो सुटावर घालून मापावा, त्याची लांबी कोटापेक्षा निश्चितच अधिक, शक्यतो गुडघ्याखाली असावी, आणि कापड अठरा औंसांच्या पुढचे असावे. मेल्टन हे इतके मळलेले लोकरी कापड आहे की त्याची वीणच दिसत नाही, आणि वाऱ्यापुढे त्याच्याइतके दुसरे लोकरी कापड क्वचितच टिकते. फुगीर नायलॉनचे जाकीट सुटावर घालणारे पुष्कळ दिसतात. ऊब त्यातही मिळते, पण कोटाचा घेर कमरेखाली लोंबत राहतो आणि खांदे दबून त्यांचा आकार बिघडतो. मफलर व्ही आकाराची पोकळी भरून काढतो, आणि त्याची किंमत पाहता तेवढा फायदा दुसरी कोणतीही वस्तू देत नाही.

रंगांबद्दल फार बोलण्यासारखे नाही. पहिला हिवाळी सूट मध्यम किंवा गडद राखाडी फ्लॅनेलचा असावा, दुसरा गडद निळा. तपकिरी, हिरवट आणि विटकरी छटा ट्वीडला खुलतात. हेरिंगबोन, म्हणजे माशाच्या काट्यासारखी वीण, आणि लहान-मोठ्या चौकटींची ग्लेन चेक हे नमुने जाड कापडावर पातळ कापडापेक्षा अधिक शांत दिसतात, कारण उठवलेली लव त्यांच्या कडा पुसट करते.

चांगल्या लोकरी सुटाला एकदा घातल्यावर निदान एक दिवस विश्रांती द्यावी. रुंद खांद्याच्या हँगरवर टांगला की दबलेले तंतू ओलावा सोडून पुन्हा उसळतात आणि चुण्या आपोआप उतरतात. धूळ ब्रशने झाडावी, ड्रायक्लीन मोसमात एखाद-दुसऱ्या वेळीच करावे, आणि पाऊस किंवा हिम लागून भिजलेला कोट हीटरजवळ न वाळवता मोकळ्या हवेत वाळवावा. महाराष्ट्रात खरी कसोटी लागते ती होळीनंतर. सूट कपाटात जातो, त्यावर पावसाळ्याचे चार दमट महिने येतात, आणि कसर लागते ती याच काळात. लोकर खाणाऱ्या पतंगांच्या अळ्यांना तंतूतले केराटिन पचते, आणि घामाचे, अन्नाचे डाग असलेल्या जागा त्या आधी गाठतात. म्हणून सूट ठेवण्यापूर्वी, डाग दिसत नसले तरी, तो स्वच्छ करून घ्यावा, उन्हात तास-दोन तास उलटा टांगावा, प्लॅस्टिकऐवजी सुती पिशवीत घालावा, डांबराच्या गोळ्या कापडाला न टेकता वेगळ्या पुरचुंडीत ठेवाव्यात, आणि श्रावणात एखादा कोरडा दिवस मिळाला की सूट बाहेर काढून कॉलरच्या आतली बाजू, काखा आणि पँटेचे दुमडलेले पाय तेवढे तपासून पुन्हा आत ठेवावा.